अर्धी, चतकोर, नितकोर

शाळाशाळांत जाऊन संगणक एकमेकांना जोडून द्यायचे, हा माझा उद्योग. तारा, खोकी सगळ्यांनाच दिसतात. मला खरी गंमत वाटते ती न दिसणाऱ्या कुंपणाची. त्याचं नाव नेटमास्क!

प्रत्येक संगणकाला चार आकड्यांचा पत्ता असतो. उदाहरणार्थ, १९२.१६८.४.१०. यातला आळीचा भाग कुठं संपतो आणि घर क्रमांक कुठं सुरू होतो, हे मास्क सांगतो. मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पहिले तीन आकडे आळीचे, शेवटचा घराचा. अशा आळीत ० ते २५५, म्हणजे २५६ क्रमांक.

आता समजा, एका शाळेच्या संगणक कक्षात ५० यंत्रं आहेत, वाचनालयात २० आणि कार्यालयात १०. कार्यालयात तुमचे गुण, फीचे हिशेब! ते वेगळ्या आळीत हवं. मग २५६ ची वाटणी करू या. पण मनाला येईल तशी नाही हं! संगणक ० आणि १ मध्येच मोजतो, म्हणून तुकडे निम्म्या-निम्म्यानंच पडतात. आजी भाकरी मोडते तसे. अर्धी १२८, चतकोर ६४, नितकोर ३२ आणि त्याचंही अर्धं १६.

कक्षाला चतकोर, वाचनालयाला नितकोर, कार्यालयाला १६. मास्कचा शेवटचा आकडा काढायला मी २५६ मधून तुकडा वजा करतो: १९२, २२४, २४०. झालं काम! प्रत्येक तुकड्यातला पहिला क्रमांक आळीच्या नावासाठी आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव, एवढं मात्र ध्यानात ठेवायचं.

मोठा तुकडा आधी मोडावा, कारण ६४ चा तुकडा ०, ६४, १२८ किंवा १९२ पासूनच सुरू होतो. म्हणून कक्ष ० ते ६३, वाचनालय ६४ ते ९५, कार्यालय ९६ ते १११.

वाचनालयातल्या एका यंत्रावर जुनाच २५५.२५५.२५५.० राहिला तर? त्याला सारं जग दिसेल, पण भिंतीपलीकडचा कक्ष दिसणार नाही! कक्ष आपल्याच आळीत आहे असं समजून ते तिथल्या तिथं हाका मारत बसेल. आळीच्या दारावर उभ्या असलेल्या राउटरला विचारणारच नाही.

तुकडे जोडताही येतात, पण एकाच अर्धीतून मोडलेले. १९२.१६८.४.० आणि १९२.१६८.५.० जोडले की मास्क २५५.२५५.२५४.०. पण ५ आणि ६ शेजारी असूनही जुळत नाहीत. जोडी सम आकड्यापासूनच सुरू व्हायला हवी.

ही वाटणी जगालाही हवी होती. एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच. १९९३ पूर्वी ते तीनच मापांत मिळत: २५६, ६५,५३६ किंवा सुमारे १ कोटी ६७ लाख. दोन हजार यंत्रं असलेल्या संस्थेला २५६ अपुरे, म्हणून ती ६५,५३६ घेई. बाकीचे पडून! १९९३ मध्ये हवं ते माप ठरवण्याची पद्धत आली आणि २५६ चे आठ तुकडे जोडून तिचं भागू लागलं. तरीही फेब्रुवारी २०११ मध्ये पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपलाच. आधीच चतकोर-नितकोर मोजलं असतं, तर तो आणखी पुरला असता.

आता सांगा बघू, वाचनालयात ३० यंत्रं आली आणि राउटरलाही एक क्रमांक लागला, तर नितकोर पुरेल का?