जंगलातल्या पायऱ्या

गेल्या ऑक्टोबरमध्ये आईबाबा आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. बाबांना मॉलमध्ये नेलं की ते बाकावर बसून राहतात. म्हणून एका शनिवारी म्हटलं, चला, नदी दाखवतो.

तुमच्यापैकी काही जणांनी डेलावेअर नदी पाहिली असेल. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या दोन राज्यांच्या मधून ती वाहते. एके ठिकाणी तिने अख्खा डोंगर कापला आहे. एका बाजूला माउंट टॅमनी, दुसऱ्या बाजूला माउंट मिन्सी आणि मधल्या खिंडीतून नदी. या खिंडीला डेलावेअर वॉटर गॅप म्हणतात. टॅमनीची चढण खडी आहे आणि बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे आम्ही खालूनच पाहिलं. झाडं लाल-पिवळी झाली होती. आईने इतके फोटो काढले की फोनची बॅटरी संपली.

नंतर आम्ही ओल्ड माइन रोडने निघालो. फार जुना रस्ता आहे हा. दोन्ही बाजूंना दाट झाडी. एका वळणावर बाबा म्हणाले, "थांब, थांब." झाडांमध्ये दगडी पायऱ्या होत्या. वर काहीच नव्हतं.

"घर कुठं गेलं?" बाबांनी विचारलं.

मला ती गोष्ट माहीत होती. 1955 मध्ये या नदीला मोठा पूर आला. 1962 मध्ये टॉक्स आयलंड या बेटाजवळ धरण बांधायला सरकारने मंजुरी दिली. सुमारे 60 किलोमीटर लांबीचा तलाव होणार होता. त्यासाठी सरकारने काठावरची घरं आणि शेतं विकत घेतली. पुष्कळांना जायचं नव्हतं, तरी जावं लागलं. मग बुलडोझर आले. पण खर्च वाढत गेला, लोकांचा विरोधही वाढला. 1975 मध्ये चारपैकी तीन राज्यांनी धरण नको असं ठरवलं. 1978 मध्ये नदीच्या या भागाला कायद्याचं संरक्षण मिळालं. म्हणजे इथे आता धरण बांधता येत नाही. डेलावेअरच्या मुख्य प्रवाहावर आजही एकसुद्धा धरण नाही.

बाबा बराच वेळ गप्प होते. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात, कोयना नदीच्या खोऱ्यात. "मूळ" म्हणायचं इतकंच, कारण ते मी कधी पाहिलेलं नाही. कोयना धरण झालं आणि गाव शिवसागर तलावाखाली गेलं. बाबा तेव्हा सहा-सात वर्षांचे होते. आजोबांना सोलापूर जिल्ह्यात जमीन मिळाली. डोंगरातला, भात पिकवणारा माणूस कोरड्या माळावर ज्वारी पेरायला लागला. आजी शेवटपर्यंत "आमच्याकडं" म्हणायची, ते त्या बुडालेल्या गावाबद्दल.

"आमचं गाव गेलं," बाबा म्हणाले, "पण निदान वीज तरी आली. तू त्याच विजेवर शिकलास." (लोडशेडिंग नसेल तेव्हा, असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं.) "यांचं गाव कशासाठी गेलं?"

"पण नदी राहिली ना, बाबा. इथे गरुड येतात, लोक होड्या चालवतात. धरण झालं असतं तर हे काहीच उरलं नसतं."

"नदी राहिली, हे चांगलंच झालं," ते म्हणाले. "पण त्या माणसांना कुणी परत बोलावलं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरं पाडली होती, आणि जमीन आता राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे.

पुढे मिलब्रुक नावाचं छोटं गाव लागलं. जुन्या काळी गाव कसं होतं ते लोकांना कळावं म्हणून ते जपलं आहे. धरणाच्या वेळी दुसरीकडून हलवलेल्या काही इमारतीही तिथे आहेत. आईला ते गाव फार आवडलं. बाबा मात्र गाडीतून उतरले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच फोटो टाकला. खिंडीचा नाही, पायऱ्यांचा. पाच मिनिटांत सोलापूरहून आत्याचा मेसेज आला: "हे आपल्या गावचं आहे का रे?"