डिचोलीची न झालेली लढाई

विकिपीडियावर कुणी शिवी लिहिली तर ती टिकत नाही. लगेच डोळ्यांत भरते आणि दोन क्लिकमध्ये उलटवता येते. छळतो तो आकडा. रात्री जेवणखाण उरकून ‘अलीकडील बदल’ उघडावेत, तर कुणा अनामिकाने महात्मा फुल्यांच्या जन्मसालात १८२७चं १८२८ केलेलं असतं. बाकी अक्षरालाही धक्का नाही, आणि बदलाचं कारण लिहायची जागा कोरी. ही खोडी, की हातातल्या गाइडमधली छपाईची चूक पोराला खरी वाटली? अशा वेळी हाच गृहस्थ आणखी कुठे फिरून आलाय ते बघायचं. एखाद्या क्रिकेटपटूच्या धावा आणि एखाद्या गावाची लोकसंख्याही त्याने हलवली असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर मुकाट्याने संदर्भ उघडून ताडायचा. काम कंटाळवाणं आहे, आणि ते करणाऱ्यांची संख्या मराठीत फार नाही.

‘पण विकिपीडियावर विश्वास ठेवावा का?’ हे ज्याला त्याला विचारायचं असतं. २००५ साली ‘नेचर’ या नियतकालिकाने विज्ञानावरचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले होते. विकिपीडियात लेखामागे साधारण चार चुका निघाल्या, ब्रिटानिकात तीन. ब्रिटानिकाने त्यावर जोरदार हरकत घेतली, ते वेगळं. मला स्वतःला अशा सरासरीचा उपयोग होत नाही. वाचणारा एका वेळी एकच पान वाचतो, आणि ते पान नेमकं कसलं आहे हे सरासरी सांगत नाही.

वाईच्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. विकिपीडियावर त्या जागी ‘इतिहास पहा’ आहे. मी लेखाआधी तेच वाचतो. एकाच हाताने लिहिलेला आणि नंतर इतरांनी फक्त शुद्धलेखन नि दुवे नीट केलेला लेख दिसला की मी सावरून बसतो. ज्याच्या चर्चापानावर हमरीतुमरी झाली आहे तो लेख त्यापेक्षा कधीही बरा. निदान कुणीतरी तो विरोधी नजरेने वाचलेला असतो.

इंग्रजी विकिपीडियावरचा गोव्यातल्या डिचोलीच्या लढाईचा लेख पहिल्या, म्हणजे एकहाती, जातीचा होता. गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात १६४०-४१मध्ये झालेल्या संघर्षाची ती सविस्तर हकिकत. तळटिपा जागच्या जागी. २००७ साली लेख आला, त्याच वर्षी त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जा मिळाला आणि २०१२ सरेपर्यंत तो तसाच राहिला. मग एका संपादकाने त्या तळटिपांमधली पुस्तकं शोधायला घेतली. त्यातली मुख्य पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. लढाईही नव्हती.

आता हे आपल्याकडच्या चौथीतल्या पोरानेही पकडलं असतं. १६४०मध्ये शिवाजी महाराज दहा वर्षांचे. डिचोली आदिलशाहीत. कुठलं मराठा साम्राज्य? पण दर्जा देणाऱ्यांनी तळटिपांची मांडणी तपासली, भाषा तपासली, आणि ज्याला हे हसत हसत कळलं असतं असा माणूस त्या पानावर फिरकला नाही, किंवा फिरकला आणि ‘असेल बुवा’ म्हणून पुढे गेला. मला या दुसऱ्याचाच जास्त राग येतो. खऱ्या इतिहासाची त्या भागात काही वानवा नाही. शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केलेलं सप्तकोटेश्वर डिचोली तालुक्यातल्याच नार्व्याला आहे.

मराठीतली दुखणी वेगळी. इथे गावोगावच्या लेखांत हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे असे मथळे ओळीने मांडून ठेवलेले असतात आणि खाली बहुतेक ठिकाणी काहीच नसतं. अशाच एका गावच्या पानावर एकाने जत्रेची माहिती भरली. मानकरी कोण, पालखी कुठून कुठे जाते, सगळं. वाचतानाच कळत होतं की माणूस तिथलाच आहे. मी ‘संदर्भ हवा’ लावलं. चर्चापानावर उत्तर आलं, ‘अहो साहेब, माझे आजोबा त्या देवळाचे गुरव होते. त्यांना संदर्भ विचारता?’ नियमाने मला विचारावंच लागतं, आणि दरवेळी तो नियम थोडा टोचतो. खोट्या पुस्तकांची नावं पाच वर्षं खपून जातात आणि खऱ्या गुरवाचा नातू अडतो.

नातू हटला नाही. त्याने देवस्थानच्या स्मरणिकेच्या पानांचे फोटो चढवले. त्यातला देवळाचा इतिहास वाचताना मला तो ओळखीचा वाटू लागला. ‘जीर्णोद्धार’मधला ‘र्णो’ ‘र्नो’ झालेला. पानाचा इतिहास मागे नेला तर तो परिच्छेद त्या चुकीसकट जसाच्या तसा आमच्याकडे सापडला, स्मरणिका छापून होण्याच्या कितीतरी आधीचा, आणि अर्थातच विनासंदर्भ. म्हणजे विकिपीडियावरून स्मरणिकेत गेलेली माहिती आता तीच स्मरणिका दाखवून परत येऊ पाहत होती. तो परिच्छेद मी दोन्ही बाजूंनी बाद धरला. पालखीच्या वाटेचं वर्णन मात्र स्मरणिकेचं स्वतःचं होतं, खाली एका जुन्या विश्वस्तांचं नाव होतं. तेवढं घेतलं आणि पान क्रमांकासह तळटीप लावली. मानकऱ्यांच्या नावांवरून नातवाशी अजून वाद चालू आहे.