नगरच्या उन्हाळ्यात निळा उजेड

प्रवाळाचं पोट बव्हंशी उजेडावर भरतं. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. हे वाचलेलं होतं. पण सावेडीतल्या आमच्या घरी, छोट्या खाऱ्या टाकीतले झोआ माना उंच करून ट्यूबकडे ताणू लागले, तेव्हा ते डोळ्यांना दिसलं. झोआ म्हणजे इवलंसं गोल तोंड आणि कडेला बारीक झालर. पुरेशा उजेडात ते बसके, पसरट राहतात. माझे देठाळ झाले होते, हिरवा रंग तपकिरीकडे झुकला होता.

टाकीवर टी-फाइव्ह ट्यूब होत्या. त्यांच्यावरही प्रवाळ छान वाढतात. पण ट्यूब जुनी झाली की डोळ्याला उजेड तेवढाच वाटतो, कामाचा भाग मात्र घटत जातो. शिवाय नगरचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडतो. पाणी २६ अंशांच्या आसपास राखायचं, तर झाकणाखाली तापणारी ट्यूब नकोच. म्हणून एलईडी घेतला, निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता येणारा. समुद्रात तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच विरतो, निळा खोलवर पोहोचतो. प्रवाळातलं शैवाल या निळ्याचा उत्तम उपयोग करतं.

नवा दिवा पूर्ण जोरात लावायचा मोह आवरावाच लागतो. मंद उजेडाला सरावलेल्या प्रवाळावर एकदम झोत पडला तर आतल्या शैवालाला तो सोसत नाही, प्रवाळ ते बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. मी तीस टक्क्यांपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडा थोडा वाढवत नेला. एका हौशी मित्राचा पार मीटर, म्हणजे हा कामाचा उजेड मोजणारं यंत्र, आणून जागोजागी मोजलं. मृदू प्रवाळांना साधारण ५० ते १५० मायक्रोमोल पुरतात. भर दुपारच्या उघड्या उन्हात हाच आकडा २,००० च्या घरात असतो. झोआ मधल्या दगडावर ठेवले, मशरूम कोरल खाली सावलीला.

आईला तो निळा उजेड आधी आवडला नव्हता. पण एका सकाळी टाकीपाशी वाकून तीच म्हणाली, "अरे, याला पिल्लं फुटलीत बघ." जुन्या झोआच्या बुडाशी, दगडाला चिकटून, ज्वारीच्या दाण्याएवढे कोंब आले होते. माना बसल्या होत्या, झालर पुन्हा हिरवी.

उन्हाळ्यासाठी पाण्यावर छोटा पंखा लावलाय. नगरची हवा कोरडी, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि टाकी दोन-तीन अंशांनी निवते. मुंबईच्या दमट हवेत एवढा गुण येत नाही. पाणी उडालं तरी मीठ मागेच राहतं, म्हणून रोज आरओचं पाणी घालून खारेपणा १.०२५ वर ठेवतो. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंप चालतो, दिवा नाही. काही तास अंधार प्रवाळाला चालतो, साचलेलं पाणी नाही.

अशी टाकी करू पाहणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. दगडी सांगाड्याचे सगळे प्रवाळ आणि सी-फॅन २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी देऊ केले तरी घेऊ नका; मालवणच्या समुद्रातले मालवणलाच राहू देत. झोआ, मशरूम आणि लेदर कोरलवर टाकी सुंदर भरते. तेही एखाद्या हौशाच्या टाकीत वाढलेल्या प्रवाळाचा तुकडा मागून आणा.