आता शिंपले राहिले

भिलाईच्या आकाशाला पुरता काळोख ठाऊक नाही. सेक्टर 10 मधल्या आमच्या गच्चीवर रात्री उभं राहिलं की स्टील प्लांटच्या अंगाला एकदम तांबूस उजेड चढतो, झाडांचे शेंडे क्षणभर केशरी होतात आणि पुन्हा विझतात. तिकडे तापलेला स्लॅग ओतला की असं होतं, हे इथल्या पोरांना शाळेत जायच्या आधीच कळतं.

आगीशी रोजची गाठ असलेल्या गावाला डोळ्यांची किंमत कुणी सांगावी लागत नाही. आमच्या ह्यांच्या वरच्या खिशात कोबाल्टची निळी काच असायची. भट्टीत नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही, काचेआडून बघायचं. ड्युटीवरून आले की ती काच चाव्यांच्या शेजारी ठेवली जाई आणि मुलं ती डोळ्यांना लावून अख्खं घर निळं करून टाकत. पण टाउनशिपची हद्द ओलांडली की धानाची शेतं लागतात. तिथे ना काच, ना गॉगल. कापणीला वाकलेल्या बाईच्या डोळ्याला धानाची पात घासून जाते. ती पदरानं डोळा पुसते आणि विळा पुन्हा चालू होतो. मग त्या एवढ्याशा ओरखड्यात बुरशी धरते, जखम चिघळते आणि भरून येते ती पांढरा डाग मागे ठेवून. डोळ्यात फूल पडलं, म्हणतात लोक. कितीदा आतला डोळा ठणठणीत असतो. गढूळ झालेलं असतं ते फक्त समोरचं पारदर्शक पटल, ज्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. ते बदलता येतं. मात्र त्यासाठी दुसऱ्या कुणी तरी जाता जाता आपलं द्यावं लागतं.

म्हणून दरवर्षी 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर देशभर नेत्रदान पंधरवडा पाळतात. गणपतीच्या आगेमागेच येतो तो. चौकात फलक लागतात आणि त्यांवर हटकून एखादा ओळखीचा चेहरा असतो, कधी नटीचा, कधी खेळाडूचा, कधी पुढाऱ्याचा. मोठी माणसं अशा कामाला आपलं नाव देतात, म्हणजे नेमकं काय देतात? त्या फलकांखालून भाजीची पिशवी घेऊन जाताना हा प्रश्न मला दरवर्षी पडतो.

उत्तर शोधताना मी भिलाईच्या सुरुवातीपर्यंत मागे जाते. इथल्या प्लांटसाठी रशियाशी करार झाला 2 फेब्रुवारी 1955 ला. त्याच वर्षी हेलन केलर भारतात आल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर. दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. समोरच्याच्या ओठांवर आणि गळ्यावर बोटं टेकवून त्या त्याचे शब्द ओळखायच्या. अशा अवस्थेत त्यांनी 40,000 मैलांचा आशियाचा दौरा काढला होता. दिल्लीत त्या नेहरूंना भेटल्या, मुंबईलाही गेल्या. मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था निघून तेव्हा तीनच वर्षं झाली होती. आपल्याकडे अंध माणूस म्हणजे देवळाच्या पायरीवरचा, फार तर भजनात पेटीवर बसलेला, अशी समजूत. त्या समजुतीला पंतप्रधानांच्या बरोबरीनं बसलेली, पुस्तकं लिहिणारी, जग हिंडणारी अंध बाई पहिल्यांदाच दिसली असेल. केलरबाईंची प्रसिद्धी आणि त्यांचं अंधत्व एकाच देहात नांदत होतं, त्यामुळे त्यांच्या येण्यात उपकाराचा वास नव्हता.

बाकीच्यांची गोष्ट अवघड होते ती इथेच. डोळस माणूस मदतीला येतो तेव्हा त्याच्या मागून दयाही आत शिरते. सई परांजपे यांनी 1980 च्या ‘स्पर्श’मध्ये हेच तर दाखवलं. अंध शाळेचे मुख्याध्यापक झालेले नसीरुद्दीन शाह कुणी कीव केली की पेटून उठतात, आणि गाणं शिकवायला, गोष्टी सांगायला आलेल्या शबाना आझमींना त्या रागाची वाट काढत जावं लागतं. दिल्लीच्या अंध शाळेत चित्रीकरण झालं, तिथली खरी मुलं पडद्यावर आली. ती मुलं सिनेमात हसतात, भांडतात, खोड्या काढतात. त्यांच्याकडे बघून कुणाला रुमाल काढावासा वाटत नाही, आणि मला तो सिनेमा मोठा वाटतो तो त्यासाठी.

दयेचं आणि मदतीचं हे भांडण आपल्याकडे फार जुनं आहे. भिलाईत राहून पंडवानी, ही महाभारताची गाऊन सांगितलेली कथा, ऐकली नाही असं होत नाही. ती गाणाऱ्या तीजनबाई इथल्याच, जवळच्या गनियारी गावच्या. भिलाई स्टील प्लांटच्या नोकरीत होत्या. त्यांच्या हातातला तंबुरा बघता बघता भीमाची गदा होतो. त्या कापालिक शैलीतलं गाणं ऐकत बसलं की हस्तिनापूर शेजारच्या दुर्ग शहराच्या अलीकडेच कुठे तरी असावं असं वाटू लागतं. त्या महाभारतात आंधळ्या राजाच्या जवळ दोन डोळस माणसं आहेत. गांधारी डोळ्यांवर पट्टी बांधून घेते. तिचा त्याग केवढा तरी, पण त्यानं धृतराष्ट्राला एक पाऊलही पुढचं दिसलं नाही. उलट घरातले दिसणारे दोन डोळे कमी झाले. संजय मात्र आपले डोळे उघडे ठेवतो आणि दिसेल ते सांगत जातो, राजाला न आवडणारंही. व्यास तर धृतराष्ट्राला दृष्टीच द्यायला निघाले होते. त्यानं ती नको म्हटली, कुळाचा संहार बघायचा नव्हता त्याला. ऐकायला तयार झाला. काय घ्यायचं, काय नाकारायचं, हे ठरवायचा हक्क आंधळ्या राजापाशीच राहिला.

आजही मोठ्या माणसांच्या मदतीच्या या दोन तऱ्हा दिसतात. डोळ्यांवर काळी पट्टी बांधून दहा पावलं चालायचं, फोटो काढू द्यायचा, ‘आज मला त्यांचं दुःख कळलं’ म्हणायचं आणि पट्टी सोडून गाडीत बसायचं, ही गांधारीची तऱ्हा, तीही तिच्या त्यागावाचून. परीक्षेत लेखनिक म्हणून बसणारी शाळकरी मुलगी, बोलक्या पुस्तकांसाठी तासन् तास वाचणारी निवृत्त बाई, ही माणसं संजयाच्या वंशातली. त्यांचे फोटो कुठे छापून येत नाहीत.

तरीही नामवंतांना उगाच नावं ठेवू नयेत. राहुल द्रविड 2017 च्या अंधांच्या टी-20 विश्वचषकाचा सदिच्छादूत होता. मराठी घरातला, इंदूरला जन्मलेला, बेंगळुरूत वाढलेला हा माणूस. त्याचं नाव आलं म्हणून कितीतरी लोकांना असा काही विश्वचषक असतो एवढं तरी कळलं. हा खेळ जवळून बघण्यासारखा असतो. चेंडू प्लास्टिकचा, आत छर्रे घातलेला, खुळखुळणारा. गोलंदाज विचारतो, ‘रेडी?’ फलंदाज ‘येस’ म्हणतो, मग ‘प्ले’ अशी आरोळी देत खालच्या हातानं चेंडू सोडला जातो. अकरांतले निदान चार खेळाडू पूर्ण अंध असावे लागतात आणि त्यांनी काढलेली प्रत्येक धाव दुप्पट मोजतात. मला मौज वाटते ती प्रेक्षकांची. द्रविडनं आयुष्यभर ज्या गोंगाटात बॅट धरली, तो गोंगाट इथे चालत नाही. चेंडू खेळात असेपर्यंत सगळ्या मैदानानं गप्प राहायचं, कारण खेळाडूंचे डोळे कानांत आहेत. त्या वर्षी 12 फेब्रुवारीला बेंगळुरूत पाकिस्तानला हरवून भारतानं तो चषक जिंकला. 2025 च्या नोव्हेंबरात अंध मुलींचा पहिलाच टी-20 विश्वचषक झाला, कोलंबोतला अंतिम सामना जिंकून तोही आपल्याच मुलींनी आणला. नामवंतानं गर्दी जमवून द्यावी आणि चेंडू सुटला की त्या गर्दीसकट गप्प बसावं, एवढं शहाणपण या खेळात आहे.

नावाला मर्यादाही आहेत, आणि त्या आम्हाला दूरवर शोधाव्या लागत नाहीत. बालोद इथून कितीसं लांब? 2011 च्या सप्टेंबरात तिथल्या मोतीबिंदूच्या शिबिरात गेलेल्या कितीतरी खेडुतांना संसर्ग झाला आणि उरलीसुरली दृष्टीही गेली. इकडचे लोक त्याला अजून ‘अंखफोडवा कांड’ म्हणतात. देशात पन्नाशीपुढच्या अंधत्वात सुमारे दोन तृतीयांश वाटा मोतीबिंदूचा, म्हणून शिबिरं हवीतच. पण शिबिराच्या फितीला कात्री कुणी लावली याची बातमी होते, आणि आतली कात्री उकळली होती का हे विचारायला कुणी थांबत नाही. म्हणूनच डॉ. तात्याराव लहान्यांसारख्यांचं नाव वेगळं वाटतं. बाबा आमट्यांच्या आनंदवनात ते वर्षानुवर्षं शस्त्रक्रिया करायला जात राहिले. कुष्ठरोगानं बोटं झडलेल्या माणसाची दृष्टीही गेली तर त्याला चाचपडायलाही काही उरत नाही. तिथे एक मोतीबिंदू काढणं म्हणजे काय, ते त्यांनी जाणलं. 2008 ची पद्मश्री त्या कामाच्या मागून चालत आली.

नाव आणि देणं एक झालं की काय घडतं, ते कर्नाटकानं पाहिलं. कन्नड नट डॉ. राजकुमार यांनी 1994 मध्ये नेत्रदानाचा संकल्प केला, त्यांच्या नावाची नेत्रपेढी निघाली आणि 2006 च्या एप्रिलात ते गेले तेव्हा डोळे खरोखरच दिले गेले. मुलगा पुनीत 29 ऑक्टोबर 2021 ला अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी अचानक गेला. घरावर कोसळलेल्या त्या दिवशीही त्याचे डोळे दिले गेले. डॉक्टरांनी प्रत्येक कॉर्नियाचे पुढचे आणि मागचे पदर वेगळे केले. दोघांना पुढचे, दोघांना मागचे. एका माणसाच्या दोन डोळ्यांनी चौघं बघू लागली. पुढे कित्येक दिवस नेत्रदानाचे अर्ज भरायला लोकांची रीघ लागली होती.

एवढं सगळं माहीत असूनही नावाचा खरा उपयोग मला कळला तो आमच्या ओळीतल्या काकूंच्या क्वार्टरमध्ये. काकू वर्ध्याकडच्या. ऐश्वर्या राय नेत्रदानाच्या जाहिरातीत यायची तेव्हा काकूंनी टीव्हीसमोर बसून जाहीर केलं होतं, “तिचे एवढे सुंदर डोये ते देते, अन् माहे काय मोत्याचे हायेत?” स्वतःच हसल्या आणि पुढे म्हणाल्या, “मोती त डाक्टरनं कवाचाच काढून नेला. आता शिंपले रायले, ते बी न्या म्हना.” मोतीबिंदू काढलेल्यांचे डोळे चालतात, चष्मेवाल्यांचेही चालतात, हे त्यांनी कुणाकुणाला विचारून पक्कं केलं होतं. अर्ज देवघरातल्या खणात होता.

त्या गेल्या मे महिन्यात, रात्री दीडच्या सुमाराला. थोरला पुण्यात, धाकटा परदेशात. सेक्टर 10 च्या शाळेतून आयआयटीला गेलेली, मग दूरदूर पांगलेली मुलं. आमच्या बहुतेक क्वार्टरांची हीच कथा. कॉर्निया सहा तासांच्या आत काढावा लागतो. तोवर पापण्या मिटवायच्या, त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोकं उशीवर जरा उंच करायचं आणि पंखा बंद करायचा, म्हणजे डोळे सुकत नाहीत. भिलाईचा मे, भिंती रात्रीही आग ओकत होत्या. पंखा बंद, कूलर बंद. आम्ही सगळे घामानं निथळत उभे, आणि मी वाटीतल्या पाण्यात कापूस बुडवून पुन्हा पुन्हा ठेवत होते.

एवढ्यात नात्यातल्या एका वयस्क गृहस्थांनी सूर काढला. डोळे काढून दिले तर पुढच्या जन्मी आंधळी येईल, देह पुरता जायला हवा. फोनवरचा थोरला गप्प झाला. आम्ही शेजारी काय बोलणार? तेव्हा काकूंकडे कामाला येणारी बाई दाराशी बसल्या बसल्या म्हणाली, “ऐश्वर्या राय घलो देवत हे, त का ओहू अंधरी जनमही?” ऐश्वर्या राय देते आहे, मग तीही का आंधळीच जन्माला येणार? गृहस्थांना उत्तर सुचेना. तेवढ्या वेळात पलीकडून थोरला म्हणाला, “आईनं सांगितलंय तसंच करा.”

नेत्रपेढीची दोघं माणसं आली, हात धुतले, दार लोटून घेतलं. वीस मिनिटंही लागली नसतील. रक्ताचा नमुना घेतला, पापण्या नीट मिटवल्या. चेहऱ्यावर कुठे काही कळत नव्हतं. ते शिंपले कुणाला मिळाले, हे कुणी सांगत नाही, नियमच तसा आहे.

फलकावरची नटी रात्री अडीच वाजता कुणाच्या घरी येत नाही. पण तिचं नाव येतं, आणि शास्त्र, वय, नातं यांच्यापुढे एरवी ज्यांना तोंड उघडता येत नाही त्यांच्या हाताला ते लागतं. मोठ्यांनी आपलं नाव द्यावं ते यासाठी. पुढचं ‘हो’ मात्र घरच्यांनाच म्हणावं लागतं. अर्ज भरलेला असला तरी घरचे नाही म्हणाले की तो खणातच राहतो.

मीही अर्ज भरलाय आणि बेंगळुरूच्या मुलाला सांगून ठेवलंय. “आई, हे आत्तापासून कशाला?” म्हणाला. म्हटलं, सहा तासांत तुला तिथून पोचायला जमायचं नाही, तेव्हा फोनवर नुसतं हो म्हण. पंखा बंद करायला शेजारी आहेत.