दोन कार्डे, एक मदरबोर्ड आणि आमचा बयाणा



गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एका मदरबोर्डावरून जो गोंधळ झाला, तो तुमच्या कानावर घालावा म्हणून हे चार शब्द. विषय काहींना परका वाटेल. कुटुंबाच्या पानावर मदरबोर्ड कशाला, असेही कुणी म्हणेल. पण आज आपल्या वस्तीतली कितीतरी मुले-मुली संगणकावर पोट भरू लागली आहेत. त्यांच्यासाठी घामाचा पैसा दुकानाच्या काउंटरवर ठेवण्याची वेळ आईबापांवर येते. ती आमच्यावर आली आणि हजार रुपये बयाणा देऊन आम्ही नको तो माल घरी आणायला निघालो होतो. लेकीने अडवले म्हणून वाचलो.

आम्ही नांदेडला सिडकोत राहतो. लेक लातूरला तंत्रनिकेतनात शिकली आणि तिथेच खोली करून कामाला लागली. तिचे काम असे की, जे घर अजून बांधलेच नाही ते बांधल्यावर कसे दिसेल, याचा छोटा सिनेमा संगणकावर तयार करून द्यायचा. बिल्डर लोक तो गिऱ्हाइकाला दाखवतात. यासाठी ती ‘ब्लेंडर’ नावाचे सॉफ्टवेअर वापरते. त्याला एक पैसा लागत नाही. ते ज्या कंपनीकडे होते ती २००२ साली बंद पडली. तेव्हा ते तयार करणारे हॉलंडचे टॉन रूझेंडाल यांनी लोकांकडे हात पसरला आणि सात आठवड्यांत एक लाख युरो जमा झाले. तेव्हापासून ते सगळ्या जगाला मोफत आहे. लेकीने हे सांगितले तेव्हा आम्हाला आपली विहारे आठवली. लोकवर्गणीतून उभे राहिलेले काम सगळ्यांचे असते.

आता अडचण काय होती ते सांगतो. चाळीस सेकंदांचा सिनेमा म्हटला की सेकंदाला चोवीस चित्रे, म्हणजे एकूण ९६० चित्रे. एका चित्राला चार मिनिटे धरली तर ६४ तास झाले. अडीच दिवसांच्या वर संगणक तेच एक काम करत बसणार. मध्ये वीज गेली तर आणखी उशीर. दोन कामे हातची गेली ती याच कारणाने. चित्र तयार करण्याचा हा भार ग्राफिक कार्ड उचलते. लेकीकडे आरटीएक्स ३०६० हे बारा जीबीचे कार्ड होते. तसलेच दुसरे, वापरलेले, तिला ओळखीतून स्वस्तात मिळाले. दोन कार्डे मिळून काम वाटून घेतील आणि वेळ निम्म्याच्या आसपास येईल, असा तिचा हिशोब होता. पण तिच्या जुन्या मदरबोर्डावर मोठे कार्ड बसेल असा लांब स्लॉट एकच होता. म्हणून नवा बोर्ड घ्यायचा ठरले. घरातून बचत गटाचे वीस हजार रुपये कर्ज उचलले. हप्ता आम्ही दोघांनी भरायचा आणि काम वाढले की लेकीने फेडायचे, असे बोलणे झाले.

लेक लातूरला कामात अडकलेली. आम्ही म्हटले, नांदेडला दुकाने काय कमी आहेत? आम्हीच बघतो. दुकानदाराने एक चकचकीत खोके पुढे ठेवले आणि म्हणाला, “काका, दोन लांब स्लॉट आहेत, दोन कार्डे बसली. आणखी काय पाहिजे?” आम्ही विचारले, “जुना प्रोसेसर चालेल ना?” तो म्हणाला, “सगळं चालतंय. तुम्ही कशाला डोकं शिणवता? ते तुम्हाला कळायचं नाही.”

हे शेवटचे वाक्य आम्हाला लागले. पण खरे सांगायचे तर आम्ही ते मुकाट ऐकून घेतले. एमएससीआयटी २००१ साली सुरू झाली, तेव्हा आम्हीही नोकरीसाठी फी भरून ती परीक्षा दिली होती. संगणक चालवायला शिकलो, टाइप करायला शिकलो, पण त्याचा डबा कधी उघडून पाहिला नाही. आत काय आहे ते आपले काम नव्हे, अशीच समजूत. म्हणून दुकानदार म्हणाला तसे मानले आणि हजार रुपये बयाणा दिला.

संध्याकाळी फोनवर लेक म्हणाली, “बाबा, बाकीचे पैसे देऊ नका. आधी खोक्यावरचा नंबर वाचून मला सांगा.” नंबर सांगितला. तासाभराने तिचा फोन आला. तिने कंपनीच्या साइटवरून त्या बोर्डाचे मॅन्युअल फुकट उतरवून घेतले होते आणि नेमके पान काढून वाचले होते. तिने जे समजावले ते आमच्या शब्दांत सांगतो.

पहिली गोष्ट, स्लॉटची लांबी आणि त्याची आतली वाट या दोन वेगळ्या बाबी आहेत. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यात माहिती ज्या वाटेने जाते तिला लेन म्हणतात. तिच्या रायझन ५ ३६०० प्रोसेसरकडे ग्राफिक कार्डासाठी सोळा लेन आहेत. काही बोर्ड त्या दोन कार्डांत आठ-आठ अशा वाटून देतात. आम्ही पाहिलेला बोर्ड बी५५० जातीचा होता. त्याच्या पहिल्या स्लॉटला सोळाही लेन होत्या. दुसरा स्लॉट दिसायला तेवढाच लांब, पण आत लेन चारच, त्याही थेट प्रोसेसरच्या नव्हत्या, मधल्या चिपसेटमधून फिरून आलेल्या आणि जुन्या पिढीच्या. नळाचे तोंड मोठे म्हणून पाणी जास्त येत नाही, मागचा पाइप किती इंची आहे ते बघावे लागते. लातूरकरांना हे वेगळे सांगायला नको. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आणलेले पाणी त्यांनी प्यायलेले आहे.

लेकीने खरेही सांगितले की, ब्लेंडरच्या कामाला चार लेनने फार मोठा फटका बसत नाही. चित्राचा सगळा मसाला एकदा कार्डात गेला की पुढचे काम कार्डातच चालते. फटका होता तो दुसऱ्या गोष्टीत. त्या बोर्डावर दुसरी एम-डॉट-टू डिस्क लावली की तो खालचा स्लॉट बंदच पडणार होता. मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात तशी टीप होती. लेकीकडे अशा दोन डिस्का आहेत आणि तिचे सगळे काम त्यांच्यावर आहे. म्हणजे बोर्ड घरी येता, दोन्ही कार्डे बसवता आणि दुसरे कार्ड दिसतच नसते! मग आम्ही कुणाला विचारायला गेलो असतो?

तिसरी गोष्ट जागेची. दोन स्लॉटांमधले एक घर सुमारे दोन सेंटिमीटरचे असते आणि एक कार्ड दोन घरांहून थोडे जास्त जाड. कार्डे एकमेकांना चिकटली तर वरच्या कार्डाच्या पंख्याला हवाच मिळत नाही. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय होईल, ते सांगायला नको. म्हणून दोन्ही स्लॉटांत तीन घरांचे अंतर असलेला बोर्ड पाहिजे. तो सहसा पूर्ण आकाराचा, म्हणजे साडेतीस सेंटिमीटर लांबीचा असतो. लेकीचे जुने कॅबिनेट लहान बोर्डाचे होते. तेही बदलावे लागणार, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

चौथी गोष्ट विजेची. एका कार्डाला १७० वॅट, दोघांना ३४०. प्रोसेसरचे ६५. बाकी पंखे, डिस्का धरून बेरीज साडेचारशेच्या पुढे जाते. तिचा जुना एसएमपीएस ४५० वॅटचा. “चालून जाईल,” असे दुकानदार म्हणाला होता. लेक म्हणाली, कार्डे मध्येच क्षणभर ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढतात, म्हणून ७५० वॅटचा चांगल्या कंपनीचा पाहिजे आणि प्रत्येक कार्डाला त्यातून वेगळी वायर. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, त्याच्या भरवशावर राहायचे नाही. खोलीची अर्थिंगही तिने वायरमनकडून तपासून घेतली. दिवसाला आठ तास काम चालले तर पावणेचार युनिट वीज जाते, हेही तिने कामाच्या दरात धरले.

दुकानदाराने आणखी एक शब्द वापरला होता. “एसएलआयचा बोर्ड घ्या, महाग आहे पण दोन कार्डांना तोच लागतो.” दोन कार्डे जोडून गेम पळवण्याची ही कल्पना जुनी आहे. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू-२ कार्डांपासून ती लोकांना माहीत झाली. एनव्हिडियाने २००४ साली एसएलआय आणले, पाठोपाठ एटीआयने क्रॉसफायर. पण आता तो खेळ संपला. २०२१ पासून एनव्हिडियाने नव्या गेमसाठी एसएलआयची सोय करणे थांबवले. ३०६० कार्डाला तर ती जोडणीच नाही. ब्लेंडरला तिची गरजही नाही. दोन्ही कार्डे सुटी राहून आपापला वाटा उचलतात. मात्र १२ आणि १२ मिळून २४ जीबी होत नाहीत. काम प्रत्येक कार्डाच्या बारात मावले पाहिजे. ज्याचे काम त्याहून मोठे, त्याने दोन कार्डांच्या नादी न लागता एकच मोठे कार्ड घ्यावे.

हे सारे ऐकून आम्ही दोघे गप्प बसलो. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले, ते आम्ही विहारात कितीदा ऐकले आहे. कुणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखा आणि मग स्वीकारा. ऐकताना आम्ही मान डोलावली. दुकानात मात्र विसरलो. लेक विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो आणि मॅन्युअलचे ते पान मोबाइलवर दाखवले. दुकानदाराने ते दोनदा वाचले. म्हणाला, “काका, हे मलाबी माहीत नव्हतं.” त्याने बयाणा रोख परत दिला नाही, पण एसएमपीएसच्या बिलात वळता करून घेतला. माणूस लबाड नव्हता. त्यानेही वाचले नव्हते, एवढेच.

बोर्ड शेवटी लातूरलाच मिळाला. एक्स५७० जातीचा, वापरलेला, प्रोसेसरच्या लेन आठ-आठ वाटून देणारा. जुना प्रोसेसर त्यावर चालतो याची खात्री तिने कंपनीच्या यादीतून आधीच केली होती. लोहा, अहमदपूर, चाकूर करत आम्ही एसटीने एसएमपीएस मांडीवर घेऊन गेलो. बोर्ड विकणाऱ्याच्या समोरच लेकीने दोन्ही कार्डे बसवली आणि काम लावून जीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरवर पाहिले. दोन्हींच्या पुढे आठ लेन लिहून आल्या, तेव्हाच पैसे दिले. बोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएस मिळून वीस हजारांच्या थोडे वर गेले. वरचे आम्ही घातले. पहिले मोठे काम ६४ तासांऐवजी साधारण ३४ तासांत निघाले. बचत गटाचे आता चारच हप्ते राहिले आहेत.

ज्या मराठवाड्यात विद्यापीठाच्या नावासाठी टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंनी १९७८ साली प्राण दिले आणि १९९३ साली नांदेडच्या गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतले, त्या मातीतली आपली मुले आहेत. ज्ञानाच्या दारावर बाबासाहेबांचे नाव लागावे म्हणून ते गेले. त्या दारातून आत गेल्यावर “तुम्हाला कळायचं नाही” हे ऐकून घेणे आपल्याला शोभत नाही. बाबासाहेबांनी आधी शिका म्हटले. ते फक्त परीक्षेपुरते नव्हते. पैसा मोजण्याआधी ते कागद वाचणे, हेही त्यात आले.

म्हणून आमची एक विनंती. घरात संगणकाची वस्तू घ्यायची असेल तर आधी मॉडेल नंबर लिहून आणा, मुलांना मॅन्युअल उतरवायला सांगा आणि त्यांच्याजवळ बसून ते वाचा. इंग्रजी येत नसेल तर मुलांकडून अर्थ विचारून घ्या, त्यात लाज नाही. आणि रविवारी वंदना झाल्यावर एखादा जुना, बंद पडलेला डबा विहारात आणून मुलामुलींनी तो उघडून पाहावा. आम्ही आमच्या वस्तीत तसे ठरवले आहे. पहिला डबा आमच्याच घरचा, लेकीचा जुना बोर्ड आत तसाच ठेवून.

नमो बुद्धाय, जयभीम!