यादीतून सुटलेले जाकीट

बँकेत छत्तीस वर्षे नोकरी झाली. त्यातील बराचसा काळ सायंकाळी रोकड ताडून, तिजोरीला दोन किल्ल्या लावून घरी परतण्यात गेला. त्यामुळे यादी करणे आणि यादीबरहुकूम एकेक बाब तपासणे ही सवय अंगात मुरलेली आहे. अशा माणसाच्या हातून एका सहलीच्या सामानात जी चूक घडली, ती वाचकांपुढे मांडावी आणि त्या निमित्ताने एका नव्या जलक्रीडेची ओळखही करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज परदेशी आहेत. उन्हाळ्यात तिकडे गेल्यावर असा दिवस कोणाच्याही वाट्याला येऊ शकतो.

आमची लेक अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरात राहते. शहराच्या वायव्येस लेक ट्रॅव्हिस आहे. नाव सरोवराचे असले तरी हा कोलोरॅडो नदीवर १९३७ ते १९४१ या काळात बांधलेल्या मॅन्सफील्ड धरणाचा जलाशय. ग्रँड कॅन्यन कोरणारी कोलोरॅडो निराळी. ही नदी टेक्सासमध्येच उगम पावून मेक्सिकोच्या आखाताला मिळते. नदीच्या जुन्या वळणांतून पाणी सुमारे १०० किलोमीटर मागे पसरले आहे. काठाला चुनखडीचे फिकट कडे आणि त्यांवर जुनिपरची गर्द झाडी. पूर अडवण्याचे काम याच जलाशयाकडे असल्याने त्याची पातळी बरीच खालीवर होते. पाणी उतरले की मध्येच बेटे डोके वर काढतात. त्यांना तेथील लोक ‘समटाइम्स आयलंड्स’, म्हणजे ‘कधीमधीची बेटे’ म्हणतात. उजनीचे पाणी आटल्यावर वर येणाऱ्या पळसदेवच्या मंदिराची मला आठवण झाली.

येथे वेकसर्फिंग फार चालते. समुद्रावरचा सर्फर लाटेची वाट पाहतो. येथे बोटच लाट निर्माण करते. बोटीच्या टाक्यांत पाणी भरून तिचे वजन वाढवतात. मग ती ताशी अवघ्या १६ ते १९ किलोमीटर वेगाने जाऊ लागली की मागे कमरेएवढी लाट उठते. खेळणारा चार-पाच फुटी फळीवर, सुरुवातीला दोरीच्या आधाराने, उभा राहतो. लाट सापडली की तो दोरी सोडून देतो आणि बोटीपासून थोड्याच फुटांवर केवळ लाटेच्या ढकलण्यावर तरंगत राहतो. वेग कमी असल्याने पडले तरी फारसे लागत नाही, म्हणून मुलांनाही हा खेळ शिकवतात. मात्र बोट अशीच हवी की जिचा पंखा तळाखाली, पुढच्या बाजूस असतो. पंखा मागे उघडा असणाऱ्या बोटीमागे हा खेळ खेळणे म्हणजे जीवाशी खेळ.

मे महिन्यातील एका शनिवारी जावयांनी चालकासह चार तासांसाठी बोट ठरवली. फळी आणि दोरी बोटीवरच मिळणार होती. बाकीची यादी लेकीने केली आणि ताडून पाहण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. सकाळी गाडीच्या डिकीत आमच्या सौभाग्यवतींनी केलेल्या ठेपल्यांचा, खाकऱ्यांचा आणि फळांचा मोठा डबा काही केल्या मावेना. एका कोपऱ्यात नारिंगी रंगाचे फुगीर बोचके दिसले. ते नऊ वर्षांच्या नातवाचे जीवरक्षक जाकीट होते. ‘बोटीवर जाकिटे असतातच,’ असा विचार करून मी ते काढून घरात ठेवले, डबा बसवला आणि यादीवर बरोबरची खूण केली.

धक्क्यावर पोहोचल्यावर चालकाने आधी मुलाचे जाकीट मागितले. त्याच्याकडे मोठ्यांची जाकिटे पुरेशी होती. मुलाचे आम्हीच आणणार, असे लेकीने आधी कळवले होते. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे २६ फुटांहून लहान बोट चालू असताना १३ वर्षांखालील प्रत्येक मुलाच्या अंगात जाकीट असलेच पाहिजे. “मोठ्यांचेच घट्ट बांधले तर?” मी विचारले. चालकाने शांतपणे ते नातवाला घातले आणि खांद्याजवळ धरून वर उचलले. जाकीट सरकून त्याच्या कानांपर्यंत आले. मुलगा पाण्यात पडला तर जाकीट वर तरंगेल आणि मुलगा खाली जाईल, हे वेगळे सांगावे लागले नाही.

जावई एक शब्दही न बोलता गाडी घेऊन घरी गेले. जाऊन येण्यात सव्वा तास गेला. भाड्याचे घड्याळ चालूच होते. नातू बाकावर पाय हलवत बसला होता. कोणी मला दोष दिला नाही, आणि तेच अधिक लागले.

तेवढ्या वेळात मी यादी पुन्हा वाचली, यावेळी कारणांसह. जाकीट वयावर नव्हे, वजनावर घेतात. नातवाचे ५० ते ९० पौंडांसाठी होते. त्यावर अमेरिकी तटरक्षक दलाची मान्यता छापलेली असावी लागते. बाजारात केवळ मार झेलणारी पातळ, देखणी जाकिटेही मिळतात. त्यांतील अनेकांना ही मान्यता नसते. पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा सदरा उन्हापासून वाचवतो आणि फळीने छाती-पोट घासू देत नाही. उन्हाचे मलम ३० किंवा अधिक एसपीएफचे हवे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. पाण्यातले बूटही हवेतच: २०१७ पासून या जलाशयात झेब्रा शिंपल्यांचा उपद्रव आहे आणि दगडांना चिकटलेल्या त्यांच्या कडा पाय कापतात. मोठ्या माणसांसाठी चष्म्याला मागून बांधायची दोरी, फोन व किल्ल्यांसाठी पाणी न शिरणारी पिशवी, प्रत्येकी दोन पंचे, कोरडे कपडे, प्रथमोपचाराची पेटी आणि वाटते त्याच्या दुप्पट पिण्याचे पाणी.

न्यायच्या वस्तूंइतकीच न न्यायच्या वस्तूंची यादी महत्त्वाची. आपल्या घरांतील स्त्री-पुरुषांच्या अंगावर सोने असते. थंड पाण्यात बोटे आकसतात आणि अंगठी नकळत निसटते. जलाशय भरलेला असताना धरणाजवळ खोली दीडशे फुटांहून अधिक असते. तेथे गेलेली वस्तू खात्यातून कायमची वजा समजावी. आमच्या सौभाग्यवतींनी बांगड्या आणि मंगळसूत्र घरीच कपाटात ठेवले होते. सामानाबाबत त्या दिवशी माझ्यापेक्षा त्याच चोख ठरल्या.

जाकीट आले, बोट निघाली. चालकाने इंजिन बंद करणारी दोरी स्वतःला अडकवली आणि दोन गोष्टी बजावल्या. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कोणी बसायचे नाही, कारण तेथे कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही; डोके दुखू लागले तर माणूस उन्हाला दोष देतो आणि तसाच बेशुद्ध होऊन पाण्यात पडू शकतो. दुसरे म्हणजे, खेळणाऱ्यावर नजर ठेवायला एकाने मागे तोंड करून बसायचे. चालकाने पुढे पाहायचे, निरीक्षकाने मागे. दोघांपैकी एकावर भागत नाही. तिजोरीच्या दोन किल्ल्या मला आठवल्या. ते काम मी मागून घेतले.

नातू तीनदा पडला आणि चौथ्यांदा उभा राहिला. दोरी सोडून त्याने माझ्याकडे पाहून हात हलवला, आणि त्याच क्षणी तोल जाऊन लाटेखाली गेला. मी हात वर करून ओरडलो. पाण्यावर केवळ फेस दिसत होता. मला पोहता येत नाही. सांगलीत कृष्णेकाठी वाढूनही, पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकणाऱ्या मुलांकडे मी घाटावरूनच पाहिले. तो क्षण दोन सेकंदांहून अधिक नसेल. मग नारिंगी रंग वर आला, त्यात त्याचा चेहरा, आणि ‘ठीक आहे’ सांगण्यासाठी डोक्यावर जोडलेले दोन हात. बोट वळून त्याच्याजवळ जाईपर्यंत ते जाकीट त्याला धरून होते. मी त्याच्याकडे न पाहता त्या बोचक्याकडेच पाहत राहिलो.

सूर्यास्तापूर्वी आम्ही धक्क्यावर परतलो आणि तो मोठा डबा उघडला. घरी आल्यावर मी जावयांजवळ चूक कबूल केली. ते एवढेच म्हणाले, “बाबा, तुम्ही होता म्हणून मागे बघायला माणूस मिळाला.”

परत आल्यानंतर तापोळ्याला शिवसागरात नौकाविहाराला गेलो. बोटीत बसताना जाकिटांच्या पट्ट्या सगळ्यांनी नुसत्या लोंबत ठेवल्या होत्या. मी उठून, ओळखी-अनोळखी न पाहता, शेजारच्या दोन मुलांच्या पट्ट्या लावल्या आणि खांद्याजवळ धरून उचलून पाहिले. त्यांचे आई-वडील हसले. मी यादीवर खूण मात्र नंतरच केली.