दादांच्या शर्टाचे बटण

आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, तीस वर्षे मार्केटात गोण्या वाहत होते. मान दुखायचीच. बाम चोळायचा आणि पुन्हा कामावर जायचे. दवाखान्यात एक्स-रे काढला तेव्हा केसपेपरवर दोनच शब्द पडले : ‘मानदुखी, वयोमान’. गळ्याला पट्टा मिळाला आणि आम्ही निर्धास्त झालो. इथेच आमचे चुकले.

पुढे दादांना शर्टाचे बटण लागेना. कप हातातून सुटे, चालताना तोल जाई. शेजाऱ्यांनी तर दारूचा संशय घेतला; दादांनी जन्मात थेंब घेतलेला नाही!

दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे बाजूला ठेवला. साठीनंतर बहुतेकांचे मणके झिजलेले दिसतातच, म्हणाले. मज्जारज्जूवरचा दाब त्यात दिसत नाही. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, सरळ रेषेत चालवले. मधल्या बोटाचे नख टिचकवले, तर अंगठा आपोआप आत वळला. मग एमआरआय केला. मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये मज्जारज्जू दबलेला निघाला. ऑपरेशन झाले, ते दाब वाढू नये म्हणून. गेलेली ताकद सगळी परत येईलच असे नाही, हे त्यांनी आधीच सांगितले होते.

बटण कधीपासून लागेना, हे त्यांनी विचारले तेव्हा घरात कुणालाच सांगता आले नाही. जुन्या कागदावर तर ना लक्षणे, ना काम, ना ओझे.

आता धाकटी वहीत तारीख घालून लिहिते. परवाच्या पानावर आहे : ‘वरचे बटण स्वतः लावले. खालची दोन आईने.’